बारके मणी

"चित्राताई, हे नका टाकू."

काशिनाथनं माझ्या हातातला घड अलगद काढून घेतला, एक मणी तोडला आणि तोंडात टाकला. आमच्या दोघांच्या मधून रबरी पट्टा सावकाश सरकत होता. त्यावर काळीभोर द्राक्षं, दवानं भिजलेली. उघड्या दारातून बर्गंडीची सप्टेंबरातली सकाळ आत येत होती, गार आणि धुक्याचा वास असलेली.

"बारका आहे," मी म्हणाले.

"बारका आहे, पण चाखा तरी. बी नाही, काही नाही. निस्ता अर्क. करवंदाची शेवटची तोड असती ना, उन्हानं सुकत आलेली, तशी चव लागतीय."

"भाऊ, आपण इथं खायला आलोय का निवडायला? घड बघा ना जरा. एक मणी बोराएवढा आणि चार मणी ज्वारीएवढे. असा घड पेटीत गेला असता तर पिंपळगावच्या मुकादम बाईनं माझ्या आईला गेटाबाहेर बसवलं असतं."

"हे पिंपळगाव कुठंय, ताई?"

"माल तो माल. तुम्ही छाटणीतले, तुम्हाला पेटीतलं काय कळायचं?"

तो हसला. टोमणा मारला की तो असाच हसायचा, मान खाली घालून. घड त्यानं परत माझ्या हातात दिला आणि मी तो पाठीमागच्या निळ्या क्रेटमध्ये भिरकावला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शहरातून आलेले दोन विद्यार्थी होते, कानात गाणी घालून उभे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तेही बारके घड मागं टाकू लागले. दुपारपर्यंत नऊ क्रेट भरले.

हात माझा भलताच सराईत होता. माझी आई पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये वीस वर्षं कात्री घेऊन बसली. परदेशी जाणाऱ्या द्राक्षाचा प्रत्येक मणी एका मापाचा लागतो. त्यासाठी पत्र्याची चकती असते, तिला भोकं असतात, सोळा मिलिमीटरच्या भोकातून मणी खाली पडला की तो बाद. शाळा सुटली की मी आईच्या शेजारी जाऊन बसायचे. बायका कात्र्या चालवता चालवता गळ्यातल्या गळ्यात म्हणायच्या,

हिरव्या घडातला, मणी बारका कापिला
एका मापाचा गं बाई, साता समुद्रा धाडिला

चकती न लावता, नुसत्या नजरेनं मणी मापायला मी तिथंच शिकले. पुढं सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवी केली, दोन वर्षं फ्रेंचच्या शिकवणीला गेले, दिंडोरीकडच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत लागले. पण नजर राहिली ती पॅकहाउसचीच.

त्या वर्षी वायनरीनं आम्हा दोघांना बर्गंडीतल्या बोन शहराजवळ, मादाम ओदिल यांच्याकडं द्राक्षतोडीच्या हंगामाला धाडलं होतं. मी प्रयोगशाळेतली म्हणून. काशिनाथ भोये हा वायनरीच्या मळ्यातला छाटणीवाला, कळवणच्या डोंगरातला, सातवी शिकलेला. त्याला धाडलं ते त्याच्या नाकामुळं. पिंपाचं बूच काढून एकदा हुंगलं की आत काय बिघडतंय ते तो यंत्राआधी सांगायचा.

मादाम साठीच्या, विधवा, हाडकुळ्या. पायांत कायम चिखलाचे रबरी बूट. मूलबाळ नव्हतं. घरामागच्या उतारावर त्यांचे द्राक्षांचे सहा तुकडे होते. आपल्याकडं कसं आंब्याचं वावर, मसणवट्याचं वावर असतं, तसं तिथं प्रत्येक तुकड्याला नाव, आणि बाटलीवर तेच नाव छापतात. दोन बांधांमध्ये दगडी भिंत, गुडघ्याएवढी. अलीकडची वाइन वेगळी, पलीकडची वेगळी. आपल्याकडं द्राक्ष मांडवावर असतं, मान वर करावी लागते. तिथं वेल कमरेएवढी, घड जवळजवळ मातीला टेकलेला. तोडायचा तर वाकावंच लागतं. काशिनाथ पहिल्या दिवशी म्हणाला होता, "ताई, हितं जो तो द्राक्षाच्या पाया पडतोय."

आम्ही येण्याआधीच मादामनी कळवून ठेवलं होतं, की दोघांतलं एक जण पुढच्या तोडीपर्यंत, म्हणजे वर्षभर, त्या तळघरात ठेवून घेतील. शिकवतील. जो राहील तो परत येऊन वायनरीचा वाइन करणारा होणार, हे आमच्या साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं. काशिनाथला राहायचं होतं. मलाही राहायचं होतं. आईनं माझ्यासाठी सटाण्याच्या आत्याचा मुलगा धरून ठेवला होता. मी दिवाळीला परत आले असते तर तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न लागलं असतं आणि कात्री नाहीतर विळी, काहीतरी हातात आलंच असतं.

सगळ्यांना ठाऊक होतं की जागा काशिनाथची आहे. मला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं.

कारण रोज संध्याकाळी मादाम आम्हाला तळघरात न्यायच्या. खाली गारवा, भिंतींवर काळी बुरशी, रांगेनं पिंपं. त्या काचेच्या नळीनं गेल्या वर्षीची वाइन काढून ग्लासात सोडायच्या आणि ग्लास काशिनाथच्या हातात द्यायच्या. तो डोळे मिटून हुंगायचा. मग माझ्याकडं वळून सांगायचा, "मोहाचं फूल. पण पहिल्या दिवशी वेचलेलं नाही, दुसऱ्या दिवसाचं." कधी म्हणायचा, "पाचोळा उचलल्यावर खाली अळंबी असती, ती." त्याची बोली डोंगराची, निम्मे शब्द मला नवे. म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघत बघत ऐकायचे, आणि तशीच बघत बघत मादामना फ्रेंचमध्ये सांगायचे. एखादा शब्द अडला की तो हातानं दाखवायचा, पानं उचकटल्यासारखं करायचा. मादाम कान देऊन ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी या वाइनबरोबर राहते आहे. हा माणूस मला तिच्या माहेरच्या गोष्टी सांगतो."

हे वाक्य मी काशिनाथला सांगितलं नव्हतं. म्हटलं, "आवडली म्हणतात."

टेबलाची प्रमुख मात्र मी होते. पहिल्या आठवड्यातला माल एकसारखा होता, माझा हात बघून मादाम खूश झाल्या होत्या. कुजलेलं काढा, कच्चं काढा, पानं काढा, एवढंच त्यांनी सांगितलेलं. बारक्या मण्यांविषयी त्या काही बोलल्या नव्हत्या. त्या गावात ते कुणाला सांगावं लागत नाही.

त्या दिवशी पट्ट्यावर आला तो सगळ्यात वरच्या तुकड्याचा माल होता. मादामच्या सासऱ्यांच्या वडलांनी लावलेल्या वेली. जूनमध्ये फुलोऱ्याच्या वेळी गार पाऊस झाला, नव्या वेली तरल्या, पण या म्हाताऱ्या वेलींची फळधारणा अर्धी चुकली. अर्धे मणी वाढलेच नाहीत.

दुपारी मादाम शेवटच्या ट्रॅक्टरबरोबर मळ्यातून उतरल्या. अंगणातून आत येताना निळ्या क्रेटपाशी थांबल्या. मी दारातून बघत होते. त्या गुडघ्यांवर बसल्या. एक घड उचलला, उजेडात धरला. दुसरा उचलला. एक मणी तोंडात घातला आणि तशाच बसून राहिल्या, तोंड न हलवता.

"पट्टा बंद करा," त्या म्हणाल्या.

पट्टा थांबला. विद्यार्थ्यांनी कानातलं काढलं.

"हे लहान मणी," मादाम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "यांच्यात पाणी नसतं. सगळी वाइन यांच्यातच असते. दहा वर्षांतून एकदा असे मणी येतात. माझे सासरे अशा वर्षाची वाट बघत गेले." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हे टाकायचं कुणी ठरवलं?"

माझ्या हातांना रस लागला होता, तो वाळून बोटं चिकटली होती. एवढंच मला आठवतंय. बोटं सुटी करायचा प्रयत्न करत होते.

"काय म्हणत्यात?" काशिनाथनं विचारलं.

"विचारतात, बारके घड कुणी टाकले."

"मग सांगा ना त्यांना," तो म्हणाला. "सांगा की आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं असला मणी बाद करत्यात, म्हणून हात तसाच चालला. चूक झाली म्हणा. आणि म्हणा, मी चाखलाय, घड चांगलेत, अजून तापले नाहीत. आत्ता बसलो तर उचलता येतील."

आम्हाला. तो आम्हाला म्हणाला होता. ज्यानं सकाळी माझा हात धरला होता, तो माझ्या चुकीत आपणहून येऊन बसला होता, शेजारी बसावं तसा.

मी मादामकडं वळले आणि म्हणाले, "तो म्हणतोय, त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्याकडं असे मणी फेकून देतात. त्याची चूक झाली. त्याला माफ करा."

एवढंच. दोन श्वासांचं काम. त्याच्या त्या आम्हालातून मी अलगद उठून बाहेर पडले आणि तो एकटा तिथं राहिला. विद्यार्थ्यांनी पटकन नजर पट्ट्याकडं वळवली, घड त्यांनीही टाकले होते.

मादाम कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत होत्या. रागानं नव्हे. घरातलं माणूस चोरी करताना सापडावं तशा. काशिनाथनं हात जोडले, मान हलवली आणि क्रेटपाशी जाऊन बसला. तो आणि मादाम, दोघं संध्याकाळपर्यंत घड उचलत होती. कुजलेल्यातून, पानांतून, एक एक घड वेचून, समोरासमोर बसून. मादामना वाटत होतं तो प्रायश्चित्त घेतोय. तो द्राक्षं वाचवत होता. एक छोटं पिंप भरेल एवढा माल निघाला. बाकीचा चेंगरून, आंबून गेला होता.

मी पट्टा पुन्हा चालू केला होता.

दुसऱ्या दिवशी मादामनी काशिनाथला टेबलावरून काढून अंगणात क्रेट धुवायला लावलं. संध्याकाळी तळघरात मला एकटीला नेलं. ग्लास माझ्या हातात आला. मी फळांची नावं सांगितली, पुस्तकात वाचलेली.

तोड संपली त्या दिवशी अंगणात लांब टेबलं मांडून सगळ्यांना जेवण होतं. त्या गावची रीतच आहे, तोडकरी आणि मालकीण एका पंगतीला बसतात. मादामनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. काशिनाथनंही टाळ्या वाजवल्या. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बरं झालं, ताई. तुमची भाषा झालीय, तुमचं शिक्षण झालंय. आमचं काय, नाक तेवढं."

"भाऊ..." मी म्हणाले.

"घरी काही धाडायचंय का? मी नेतो. आईला काय सांगू?"

मी आईसाठी त्याच्याकडं एक लोकरीची शाल दिली. त्यानं ती पिंपळगावला नेऊन पोचवली, चहासुद्धा न घेता.

मी वर्षभर राहिले. शिकले. थंडीत छाटणीच्या वेळी वेलींमागून काटक्या गोळा करत फिरले, तळघरात दर आठवड्याला पिंपांतली घट नव्या वाइननं भरून काढली. परत आले तेव्हा सटाण्याचं स्थळ दुसरीकडं गेलं होतं. पुढं मी वायनरीची मुख्य वाइन करणारी झाले. माझ्या नावाला बक्षिसं मिळाली. काशिनाथ त्याआधीच गेला होता. साहेब म्हणाले, "फ्रान्सहून तक्रार आली त्याच्याबद्दल, मग कशाला ठेवायचा?" मी फाइलमधला कागद वाचत राहिले.

त्या तोडीनंतर अकरा वर्षांनी एका प्रदर्शनासाठी मादामचा भाचा मुंबईला आला आणि माझ्या हातात लाकडी पेटी देऊन गेला. आत एक बाटली. लेबल हातानं लिहिलेलं, वरच्या तुकड्याचं नाव आणि ते वर्ष. सोबत चिठ्ठी.

'चित्रा, उचललेल्या घडांची ही वाइन. एकच छोटं पिंप झालं, मी कधी विकलं नाही. याहून चांगली वाइन या घरात झालेली नाही. ही बाटली तुझी नव्हे, तुझ्या सोबत्याची आहे. त्याला पोचव. तो क्रेट धूत होता त्या दिवशी मी तुला टेबलावर बघत होते. प्रत्येक लहान घडापाशी तुझा हात थबकत होता. ज्या हातानं चूक केलेली असते तोच हात थबकतो. मला तेव्हाच कळलं होतं. तक्रारीचं पत्र आदल्या रात्रीच गेलं होतं, ते मी मागं घेतलं नाही. तरी मी तुला ठेवून घेतलं, कारण तुझ्याशी मला बोलता येत होतं. आता मी म्हातारी झाले आणि हे मला झोपू देत नाही. ओदिल.'

मी बाटली तळघरात आडवी ठेवली. दोन वर्षं ठेवली. उन्हाळा आहे, रस्त्यात तापेल, असं म्हणायचे. मग हंगाम आहे, असं म्हणायचे. मग तेरा वर्षांनी काय तोंड दाखवायचं, हे काही म्हणायचे नाही. दुसऱ्या हिवाळ्यात मादाम वारल्याचं पत्र आलं. त्याच आठवड्यात बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळली, दोन ग्लास घेतले आणि अभोण्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीत, काशिनाथच्या दारात जाऊन उभी राहिले.

तो ओट्यावर बसला होता. केस पिकलेले, मनगटांवर पांढरे डाग. मला बघून घाईनं उठला.

"चित्राताई! अगं यशोदा, बघ कोण आलंय. फोटो येतो बघ पेपरात, त्या. बसा ना, बसा. खाली नको, खाट टाकतो."

यशोदानं कोरा चहा आणला. मी विचारलं, सध्या काय करता. तो सांगू लागला, की वायनरीतून निघाल्यावर बागांच्या फवारणीला जायचो, निफाडपासून इकडंपर्यंत. छाटणी झाली की वेलीला डोळा फुटायचं औषध लावायचं, मग बुरशीचं, मग किडीचं. दहा वर्षं केलं.

"तोंडाला नुसता रुमाल बांधून," यशोदा मधेच म्हणाली. "आता यांना डाळ करपली तरी कळत न्हाई. परवा गॅस चालू राहिला, हे तिथंच बसलेले. मी म्हणलं, अवो, नाक हाय का दगड!"

काशिनाथ हसला. मान खाली घालून, तसाच.

माझ्या हातातला चहा गार होत होता. मी पिशवीतून बाटली काढली. कुठली ते सांगितलं. चिठ्ठी काढली आणि मराठीत वाचून दाखवली. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचली, एकही शब्द गाळला नाही. त्याला असं पुरतं सांगायला तेरा वर्षं लागली, तरी वाचली.

यशोदा नवऱ्याकडं बघत होती. काशिनाथ अंगणातल्या कोंबड्यांकडं.

"भाऊ, तुम्ही जे बोलला होतात ना, ते मी त्यांना..."

"ठाऊक आहे मला."

"तुम्हाला कुठली फ्रेंच कळत होती?"

"भाषा कशाला लागती त्याला?" तो म्हणाला. "रोज माझं बोलणं त्या बाईंना सांगायच्या तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघायच्या. माझ्या तोंडाकडं. त्या दिवशी नाही बघितलं. एकदाबी नाही. तिथंच समजलो."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाजवळ बोलू, ताई? माझं बोलणं पोचवणाऱ्या तुम्हीच होत्या ना."

कोंबड्या ओट्याखाली शिरल्या. यशोदा उठून आत गेली. मी बूच काढलं. बूच अखंड निघालं. ग्लासात ओतली तेव्हा तिचा रंग विटेसारखा झाला होता, कडेला नारिंगी. आणि वास आला. ओट्यावर, चुलीच्या धुरात, शेणानं सारवलेल्या अंगणात तो वास असा पसरला, की मी डोळे मिटले. आयुष्यभर मी ज्याच्यामागं गेले आणि जे माझ्या हातून कधी झालं नाही, ते त्या ग्लासात होतं.

काशिनाथनं ग्लास घेतला. सवयीनं नाकाशी नेला. डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. एक घोट घेतला.

"ओली आहे," तो म्हणाला. "जराशी आंबट आहे. बाकी पाणीच."

त्यानं ग्लास खाली ठेवला. माझा ग्लास माझ्या हातात होता.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. "कसला वास येतोय? मोहाचा येतोय का? अळंबीचा? बाई म्हणतीय याहून चांगली झाली नाही, मग काय आहे तिच्यात, ते मला सांगा. आता तुमचंच नाक. तुम्ही जे सांगाल तेच मला."

"सांगते," मी म्हणाले.

"पण माझ्याकडं बघून सांगा, ताई."

तो वाट बघत होता. डोंगरावरून ऊन उतरून त्याच्या तोंडावर आलं होतं. मोहाचं फूल होतं तिच्यात, दुसऱ्या दिवसाचं. पाचोळ्याखालची अळंबी होती. करवंदाची शेवटची तोड होती. सगळे त्याचेच शब्द होते, माझा एकही नव्हता.

मी सांगायला लागले. सांगताना ग्लासातच बघत होते.